हरभऱ्याची मर आणि बुरशीची जनुके



कन्हेरीच्या शिवारात काय किंवा खाली इंदापूरकडे काय, रब्बीचा हरभरा पेरून तीन-चार आठवडे होतात आणि एखादे हिरवे झाड एकाएकी मान टाकते. शेजारी म्हणतो, पाणी कमी पडले. दुकानदार औषधाची बाटली पुढे करतो. दोघांचे ऐकण्यापूर्वी ते झाड उपटा आणि मूळ व बुडखा चाकूने उभा चिरा. बाहेरून मूळ धड दिसते, पण आत मधोमध काळपट तपकिरी रेघ असेल तर ती मर होय. पाणी वर नेणाऱ्या नळ्याच तुंबल्या, तेव्हा पानांवर फवारून काय साधणार? तो पैसा मुलांच्या वह्या-पुस्तकांना लागला तर बरा.

हे काम फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम या जमिनीतील बुरशीचे. नवल असे की, याच जातीच्या कित्येक बुरशा मुळांभोवती निरुपद्रवी राहतात. काही मात्र पीक मारतात, आणि त्याही ठरावीकच: हरभऱ्याची बुरशी टोमॅटोला मारीत नाही, टोमॅटोची हरभऱ्याला. असे का, याचे उत्तर जनुकांत आहे आणि ते टोमॅटोवर अधिक स्पष्ट मिळाले.

२००१ साली स्पेनमधील संशोधकांनी टोमॅटोच्या बुरशीतील एफएमके-१ हे एकच जनुक निकामी केले. बुरशी जगली, वाढली. पण मुळाला चिकटेना आणि आत शिरेना. म्हणजे दार उघडण्याची जनुके वेगळी असतात. आत शिरल्यावर दुसरी कामाला लागतात. ती लहान लहान प्रथिने झाडाच्या जलवाहिन्यांत सोडतात आणि झाडाचा प्रतिकार ढिला करतात.

२०१० साली याहून मोठी गोष्ट उजेडात आली. या हत्यारांची बरीच जनुके टोमॅटोच्या बुरशीत एकाच गुणसूत्रावर, चौदाव्यावर, एकत्र आढळली. मारक आणि निरुपद्रवी बुरशी शेजारी वाढविल्या असता ते गुणसूत्र निरुपद्रवी बुरशीत गेले आणि तीही टोमॅटोला मारू लागली! विद्यार्थी मित्रहो, पाठ्यपुस्तकात आपण जनुके आईबापांकडून लेकरांकडे येतात असे शिकतो; इथे ती शेजाऱ्याकडून आली.

झाडही गप्प बसत नाही. बुरशीचे एखादे प्रथिन ओळखणारे जनुक झाडापाशी असले, तर बुरशीचे हत्यारच तिची चुगली करते आणि झाड वेळीच तिला अडविते. मग बुरशी ते प्रथिन टाकून देते किंवा बदलते, आणि नवा प्रकार तयार होतो. हरभऱ्याच्या मरीचे असे आठ प्रकार जगात नोंदले आहेत.

आपल्याकडे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने विजय, विशाल, दिग्विजय हे मर-प्रतिकारक वाण दिले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत विजय आणि मरीला चटकन बळी पडणारा जेजी-६२ यांच्या संकरातून प्रतिकाराच्या जनुकांचा माग काढला गेला. पुण्याची वाट आपल्या मुलामुलींना लांबची नाही.

पालकांना एक विचारतो. घरी अम्मीने डब्यात ठेवलेले बियाणे कोणत्या रानातले, हे पेरण्यापूर्वी पाहता का? मर लागलेल्या रानातील बियाणे रोग बरोबर नेते. बुरशीचे जाड कवचाचे बीजाणू हरभरा नसतानाही जमिनीत सहा वर्षांहून अधिक टिकतात. एक वर्ष ज्वारी घेतली म्हणजे रान शुद्ध झाले, असे समजू नये. प्रतिकारक वाणाचे खात्रीचे बी घ्यावे. पेरताना किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळावा आणि बी सावलीत सुकवावे. ट्रायकोडर्मा हीसुद्धा बुरशीच. तीही मुळावर वस्ती करते, मात्र मरीच्या बुरशीवर तुटून पडते. मेलेली झाडे बांधावर टाकू नयेत. मुळासकट उपटून जाळावीत.