पडद्यावरची प्रतिमा आणि अपंग तरुण



चाकाच्या खुर्चीतून वावरणाऱ्या तरुणीकडे पाहताना बाजारातील लोक आधी खुर्ची पाहतात, मग तिला. मोबाईलच्या पडद्यावर हा क्रम तिला बदलता येतो. छायाचित्रात खुर्ची दिसावी की नाही, हे ती स्वतः ठरविते. कर्णबधिर तरुण खुणांच्या भाषेत दूरच्या मित्रांशी बोलतो. अंध तरुण पडद्यावरील मजकूर यंत्राकडून ऐकून वादही घालतो. अपंगत्व न दाखविण्यात लबाडी शोधणाऱ्यांनी आपली छायाचित्रे आपण कशी निवडतो, हे आठवून पाहावे.

याच पडद्यावर विटंबनाही होते. अमेरिकेतील टेक्सासच्या लिझी वेलास्केझ हिला दुर्मिळ आजारामुळे अंगी मेद धरत नाही. २००६ साली, सतराव्या वर्षी, तिला यूट्यूबवर स्वतःचीच काही सेकंदांची चित्रफीत आढळली. तीत तिला जगातील सर्वांत कुरूप स्त्री ठरविले होते. पुढे ती नामांकित व्याख्याती झाली. परंतु प्रत्येकाने असेच धैर्य दाखवावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

खेड्यातील टवाळखोर बहुधा ओळखीचाच असतो. कोणाच्या चालण्याची चित्रफीत गुपचूप काढून गावच्या व्हॉट्सॲप गटात फिरविली जाते, आणि वडीलधारी मंडळीही हसून ती पुढे धाडतात. मग घरचे लोक मुलीचाच फोन काढून घेतात. गुन्हा एकाचा, शिक्षा दुसऱ्यालाच!

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम ९२ अन्वये, अपंग व्यक्तीची मानहानी करण्याच्या हेतूने लोकांच्या नजरेसमोर तिचा बुद्ध्या अपमान केल्यास किमान सहा महिने व कमाल पाच वर्षे कारावास आणि दंड होऊ शकतो. हजारो माणसे पाहतात ते समाजमाध्यमावरील खुले पान लोकांच्या नजरेसमोरचे नाही, असे कोणी म्हणू नये. सर्वोच्च न्यायालयानेही ८ जुलै २०२४ रोजी एका चित्रपटाच्या प्रकरणात, अपंगत्व समजून देणारा विनोद आणि अपंगांना हिणविणारा विनोद यांत भेद केला.

तेव्हा शिक्षकांनी व ग्रामसेवकांनी प्रथम पुरावा राखावयास सांगावे: मजकूर पुसला जाण्यापूर्वी पडद्याचे छायाचित्र, दुवा, दिनांक व वेळ. तक्रार पोलीस ठाण्यात किंवा केंद्र शासनाच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर करता येते. तक्रारदार कर्णबधिर असल्यास खुणांची भाषा जाणणारा मनुष्य सोबत द्यावा. नाहीतर ठाण्यात भाऊच बोलतो आणि जिची तक्रार, ती बाकावर बसून राहते.