दहांत एक



दानाच्या एका नव्या तऱ्हेविषयी आज बोलावे असे मनात आहे. पूर्वी दाता अन्न द्यायचा आणि विसरून जायचा. आजचा दाता आधी आकडा काढतो, मग जेवायला बोलावतो.

फेसबुक या अमेरिकन कंपनीने (आता तिचे नाव मेटा) फेब्रुवारी 2015 मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साहाय्याने आपल्याकडील गरिबांना मोफत इंटरनेट देऊ केले. पुढे त्याचे ‘फ्री बेसिक्स’ असे बारसे झाले. मोफत म्हणजे सारे इंटरनेट नव्हे; ठरावीक थोड्या सेवा तेवढ्या मोफत. फेसबुक अर्थातच त्यांत होते!

त्या डिसेंबरात कंपनीचे प्रमुख मार्क झुकरबर्ग यांनी एका इंग्रजी दैनिकात लेख लिहिला. योजनेची तुलना त्यांनी सार्वजनिक ग्रंथालयांशी केली. ग्रंथालय खरेच, पण कपाट एकच आणि किल्ली दात्याच्या खिशात! महाराष्ट्रातील गणेश नावाच्या शेतकऱ्याचा दाखलाही त्यांनी दिला, आणि हिशेब मांडला : दहा माणसे इंटरनेटला जोडली की सुमारे एक दारिद्र्यातून वर येतो. किती सोपे! आता मोहल्ल्याने एवढेच ठरवायचे, की वर जाणारा कोण आणि मोजणीपुरते उपयोगी नऊ कोण. त्या एकाला शाळेत मास्तर चांगले लाभले होते का, गावात काम मिळाले का, पाऊस वेळेवर झाला का, हे मात्र विचारू नये. तक्ता बिघडतो.

त्याच महिन्यात दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, चार प्रश्न विचारून जनतेची मते मागवली होती. फेसबुकने सभासदांपुढे तयार मजकूर ठेवला. बोट दाबले की पत्र रवाना. लाखो पत्रे गेली, कंपनीने ढिगाचा आकडा अभिमानाने सांगितला. ट्रायची तक्रार अशी, की विचारलेल्या प्रश्नांची उत्तरेच त्यांत नव्हती. विद्यार्थी मित्रांनो, अशा उत्तरपत्रिकेला पुरवण्या कितीही जोडा, गुण मिळतील काय?

8 फेब्रुवारी 2016 रोजी ट्रायने मजकूर पाहून इंटरनेटचे वेगवेगळे दर लावण्यास मनाई केली, आणि दोन-चार दिवसांतच कंपनीने भारतातील योजना गुंडाळली. त्या नऊ जणांची चौकशी करायला पुढे कोणी आल्याचे ऐकिवात नाही.

असे दाते आपल्या शाळेच्या दारीही येतील. त्यांना जरूर चहा पाजावा, संगणक आणले असतील तर उतरवून घ्यावेत. फक्त सही करण्यापूर्वी पालकांनी दोन गोष्टी विचाराव्यात : मुलांची कोणकोणती माहिती नेणार, आणि पुढच्या वर्षीचे विजेचे बिल कोण भरणार?