फिल्म भरण्याची दोन मिनिटे

भद्रावती म्हणजे पूर्वीचे भांदक. गावाच्या नैर्ऋत्येस विजासनची टेकडी असून तिच्या पोटात प्राचीन बौद्ध लेणे खोदलेले आहे. मुख्य मार्गिका सरळ डोंगरात सुमारे ७१ फूट गेलेली असून तिच्या शेवटी बुद्धाची भव्य आसनस्थ मूर्ती आहे. तिला काटकोनात दुसऱ्या दोन मार्गिका निघतात आणि त्यांच्या टोकांशीही एकेक मूर्ती आहे. बाहेरच्या रखरखीत उन्हातून आत शिरणाऱ्याचे डोळे काही वेळ दिपून जातात.

अशा ठिकाणी एक कुटुंब गेले आहे, अशी कल्पना करावी. नातवाने आजोबांचा जुना कॅमेरा कपाटातून काढून आणला आहे. गुडघे दुखत असताही आजी आल्या आहेत. पुन्हा येणे घडेल न घडेल, असे त्यांना वाटते. त्यांना लेण्याच्या तोंडाशी बसवून बारा चित्रे घेतली जातात. फिल्म धुऊन येते तेव्हा तिच्या दोन्ही कडांवरून काळे डाग आत पसरलेले असतात आणि आजींचा चेहरा त्यांत नाहीसा झालेला असतो. कॅमेरा चांगला होता, भिंग स्वच्छ होते, प्रकाशही भरपूर होता. चूक घडली ती पहिले चित्र घेण्याच्या आधी, फिल्म भरण्याच्या दोन मिनिटांत.

ही चूक कशी होते, हे समजण्यास फिल्मची रचना पाहिली पाहिजे. घरोघरी आढळणाऱ्या पेटीवजा किंवा घडीच्या कॅमेऱ्यांपैकी पुष्कळांत १२० क्रमांकाची फिल्म लागते. ही कोडक कंपनीने १९०१ मध्ये आणली आणि ती आजही तयार होते. पूर्वी बडोद्यास बनत असलेल्या आग्फा क्लिक थ्री या कॅमेऱ्यात तिच्यावर बारा चौकोनी चित्रे निघतात. या फिल्मला डबी नसते. तिच्या पाठीशी काळा कागद असून दोन्ही एकत्र रिळावर घट्ट गुंडाळलेली असतात. बाहेरचा प्रकाश अडविणारे दुसरे काहीही नसते. गुंडाळी सैल झाली की कडांतून प्रकाश आत शिरलाच.

म्हणून पहिला नियम असा की फिल्म सावलीत भरावी. झाडाखाली, घरात, किंवा काहीच नसेल तर उन्हाकडे पाठ करून आपल्याच अंगाच्या सावलीत. विजासनला जाणाऱ्यास तर लेण्याचे दार आयतेच आहे. मागील फिल्मचे रिकामे झालेले रीळ काढून ते फिरविण्याच्या खुंटीच्या बाजूस बसवावे आणि नवे रीळ समोरच्या कप्प्यात ठेवावे. मगच त्यावरची चिकटपट्टी फाडावी, व फाडल्यापासून अंगठ्याने गुंडाळी दाबून धरावी. कागदाची निमुळती जीभ ओढून रिकाम्या रिळाच्या खाचेत सरळ घालावी. कागदाची काळी बाजू भिंगाकडे आणि आकडे छापलेली बाजू पाठीकडे आली पाहिजे. खुंटीचे दोन-तीन फेरे देऊन कागद दोन्ही कडांस समान जातो की नाही, हे पाहावे आणि नंतरच पाठ मिटावी.

पाठीवरच्या तांबड्या खिडकीत १ हा आकडा येईपर्यंत खुंटी फिरवावयाची. खिडकी तांबडी का, हा प्रश्न पुष्कळांस पडतो. जुन्या फिल्मवर तांबड्या प्रकाशाचा परिणाम होत नसे. हल्लीच्या फिल्मवर तो होतो. म्हणून खिडकीस झाकण असल्यास ते मिटून ठेवावे. नसल्यास काळ्या पट्टीचा तुकडा लावावा आणि आकडा पाहावयाचा तेवढ्यापुरताच, तोही सावलीत, उचलावा. शेवटचे चित्र झाल्यावर सगळा कागद गुंडाळला जाईपर्यंत खुंटी फिरवून मग सावलीतच कॅमेरा उघडावा आणि गोंदाची पट्टी ओली करून रीळ बंद करावे.

पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मची चूक निराळी. ती डबीत असते, परंतु तिचे टोक ओढणाऱ्या रिळात नीट अडकले नाही तर फिल्म जागची हलत नाही. आकडा मात्र पुढे सरकत राहतो, आणि छत्तीस चित्रे घेतल्याच्या समाधानात मनुष्य कोरी फिल्म घरी नेतो. फिल्म पुढे नेताना गुंडाळण्याची डावीकडील खुंटीही फिरते की नाही, एवढे पाहिले म्हणजे पुरे.

या अदृश्य कामाचे मोल महाराष्ट्रात एका घराने फार पूर्वी ओळखले होते. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. त्या वेळी कोरी फिल्म छिद्रे न पाडलेली येत असे. ती छिद्रे अंधाऱ्या खोलीत पाडण्याचे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करीत. चित्रपटाच्या एका फुटात सोळा चित्रे आणि प्रत्येक चित्रास दोन्ही कडांस चार-चार छिद्रे. म्हणजे फुटास १२८. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रगृहात लागलेला 'राजा हरिश्चंद्र' सुमारे ३,७०० फुटांचा होता. त्या एका प्रतीच्या लांबीचाच हिशेब केला तरी छिद्रे पावणेपाच लाखांच्या घरात जातात. तत्पूर्वी फाळक्यांनी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ महिन्याहून अधिक काळ एकेक चित्र घेत टिपली होती. आरंभी फिल्म वाकडी बसली असती तर महिन्याचे श्रम व्यर्थ गेले असते आणि तो चित्रपट पाहून भांडवल देणाऱ्यास दाखवावयास काहीच उरले नसते.

भद्रावतीच्या उन्हाळ्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. मे महिन्यात या जिल्ह्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. फिल्म शीतकपाटात ठेवलेली असल्यास बाहेर काढून वेष्टन न फोडता दोन-तीन तास तशीच राहू द्यावी, म्हणजे तिच्यावर ओल धरत नाही. भरलेला कॅमेरा उन्हात उभ्या मोटारीत कधीही ठेवू नये.

ज्याच्या घरी असा कॅमेरा आहे, त्याने एक जुने, वाया गेलेले रीळ जपून ठेवावे. त्यावर प्रथम डोळे उघडे ठेवून आणि मग मिटून दहा वेळा फिल्म भरून पाहावी. बोटांस खाच आणि जीभ यांची ओळख पटली की मग आजींना घेऊन विजासनला जावे.