वळायच्या आधी इशारा



कापसाच्या भावाचं बोलण्याआधी आज जीपचं बोलायचं आहे.

मागच्या बैठकीहून रात्री परतताना आमची जुनी जीप फाट्यावर उजवीकडं वळली. इंडिकेटर लागलाच नाही. मागचा ट्रक त्याच बाजूनं पुढं निघत होता. हातभर अंतरानं वाचलो. जीपमध्ये आम्ही सात जण होतो.

सकाळी आम्हीच दोष शोधला. आधी बल्ब पाहिले, मग फ्यूज. दोन्ही शाबूत. स्टिअरिंगखालच्या स्विचला फ्लॅशरकडून एक वायर येते. त्यातून एक डाव्या दिव्यांना जाते, एक उजव्या. चावी चालू ठेवून फ्लॅशरची वायर उजव्या वायरीला थेट जोडली. दिवे उघडझाप करू लागले. म्हणजे फ्लॅशरही ठीक, दोष स्विचचाच.

मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, प्रत्येक वायरीला खूण बांधली, स्क्रू सोडले आणि नवा स्विच बसवला.

वळण्याआधी इशारा देणं १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं बंधनकारक आहे. पण आपल्याला दंडापेक्षा जिवाची काळजी. कापसानं भरलेल्या ट्रॉलीआड ट्रॅक्टरचे दिवे दिसत नाहीत. ट्रॉलीला वेगळे दिवे लावा. एकानं स्विच दाबावा, दुसऱ्यानं मागं उभं राहून पाहावं.

भावाची लढाई लांबची आहे. ती लढायला माणसं सुखरूप घरी पोचली पाहिजेत. आज इथून निघण्याआधी बाहेरच्या प्रत्येक गाडीचा इंडिकेटर तपासू, मगच निघू.