लाकडी टाकी आणि मोठे मासे



विज्ञान मंडळाच्या मुलांनी मला विषय दिला तो असा : मोठ्या मिशाळ माशांसाठी घरच्या घरी लाकडाची प्रचंड टाकी कशी बनवावी. मी अशी टाकी एकदा बनवली आहे, तेव्हा मला बोलणे जड जाणार नाही, असे मुलांचे म्हणणे. बनवली हे खरे. परंतु त्या टाकीत माझे दोन मासे आठव्या दिवशी मेले, हेही तितकेच खरे. म्हणून सुताराचे काम आणि माझी चूक, दोन्ही तुमच्यापुढे ठेवतो.

आधी माशांविषयी. दुकानातल्या काचेच्या पेटीत दोन-तीन इंचांची चंदेरी पिल्ले ‘शार्क’ म्हणून विकतात, ती तुम्ही पाहिली असतील. तो शार्क नव्हे. तो आग्नेय आशियातील मेकाँग नदीचा पंगास, म्हणजे कॅटफिशच. पूर्ण वाढीला तो सव्वा मीटरपर्यंत जातो आणि वजन ४० किलोंच्या घरात भरते. ॲमेझॉनचा लाल शेपटीचा कॅटफिशही असाच. पिल्लू तळहातावर मावते, पण पुढे तो मीटरभराच्या वर जातो. “टाकी लहान ठेवली की मासा लहानच राहतो,” असे दुकानदार सांगतो. त्यावर विश्वास ठेवू नका. अपुऱ्या, घाण पाण्यात माशाची वाढ खुंटते खरी, पण ती उपाशी मुलाची खुंटते तशी.

माझ्या मुलाने हौसेने तीन पंगास आणले होते. दोन वर्षांत ते दीड फुटाचे झाले आणि त्यांना आमच्या काचेच्या पेटीत वळता येईना. हा मासा भित्रा. दार आपटले तरी तो उसळून काचेवर आदळे, आणि तिघांच्याही नाकाडावर जखमा झाल्या होत्या. ते पाहवेना, म्हणून मी टाकीचा घाट घातला.

प्लायवुडचा तक्ता ८ फूट बाय ४ फूट मिळतो, म्हणून टाकीचा तळ तेवढाच धरला. उंची ३ फूट. असे चार तक्ते पुरतात : एक तळाला, एकेक पुढच्या व मागच्या बाजूला, आणि चौथ्यातून दोन्ही आखूड बाजू. पुढच्या-मागच्या तक्त्यांतून फूटभर रुंदीच्या ज्या पट्ट्या उरतात, त्या वरच्या काठाला आतून आडव्या बसवाव्यात. पुष्कळांना ही पट्टी शोभेची वाटते. तसे नाही, तिच्यामुळे लांब बाजू बाहेर फुगत नाहीत.

आता थोडे गणित करू, कारण खरा धोका इथेच आहे. आत पाणी ८० सेंटिमीटर भरले, तर लांबी २.४ मीटर आणि रुंदी १.२ मीटर धरून सुमारे २३०० लिटर होते, म्हणजे केवळ पाण्याचे वजन सव्वादोन टनांहून अधिक. तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर ८०० किलो भार येतो. आपल्या राहत्या घराची स्लॅब माणसे आणि सामान मिळून चौरस मीटरला साधारण २०० किलो धरून आखलेली असते. तेव्हा माडीवर, गॅलरीत किंवा भाड्याच्या खोलीत हा प्रयोग करू नका. माझी टाकी परसात, छपराखाली, काँक्रीटच्या भक्कम ओट्यावर आहे. ओटा पाणसळीने तपासून घ्यावा. तो एका कोपऱ्यात जरी खचला तरी टाकी पिळवटते आणि सांधे उघडतात.

बाजूंवरचा दाब टाकीच्या लांबी-रुंदीवर ठरत नाही, पाण्याच्या खोलीवर ठरतो. ८० सेंटिमीटर खोलीला लांब भिंतीवर एकूण रेटा साधारण पाऊणशे नव्हे, तर पावणेआठशे किलोंचा असतो! खोली दुप्पट केली तर रेटा चौपट होतो. म्हणून टाकी लांब-रुंद करावी, खोल करू नये. मिशाळ माशांचा वावर बहुधा तळाशीच असतो, त्यांना उंची नको असते.

प्लायवुड मरीन प्रतीचे, १९ मिलिमीटर जाडीचे घ्यावे, त्यावर ७१० हा मानक क्रमांक असतो. फळ्यांची टाकी नको. फळी भिजली की फुगते आणि वाळली की चिरते. प्लायवुडात पापुद्र्यांचे तंतू एकमेकांना आडवे असल्याने ते जागचे हलत नाही. सांध्याला इपॉक्सीचे गोंद लावून चार-चार इंचांवर स्क्रू ठोकू नका, पिळा. आमच्या सुताराने पहिले दहा हातोडीने ठोकले होते, ते मी उपटवले आणि त्याचा दोन दिवस अबोला सोसला. बाहेरून सागाची चौकट बांधावी.

एवढे झाले तरी लाकूड पाणी धरत नाही, ते फक्त भार सोसते. पाणी धरतो तो आतला राळेचा लेप. काचतंतूंची चटई इपॉक्सी राळेत भिजवून आतून सर्वत्र, आणि कोपऱ्यांत दोनदा, बसवावी. त्यावर राळेचे आणखी दोन-तीन हात द्यावेत. सुईएवढे छिद्र राहिले तरी पाणी कडेच्या तंतूंत शिरते आणि वर्षभराने आतून कुजलेले लाकूड तुमच्या हाती येते. लेप पक्का होण्यास आठवडाभर तरी द्यावा.

काच पुढच्याच बाजूला. ६ फूट बाय २ फूट खिडकी कापून १९ मिलिमीटरची काच आतून लावावी, म्हणजे पाणीच तिला चौकटीवर दाबून धरते. बुरशीनाशक नसलेले सिलिकोन वापरावे. ही काच एकटीच ५० किलोंच्या वर भरते, चार माणसे असल्याशिवाय उचलू नये. पाणी थोडे-थोडे, तीन-चार दिवसांत भरावे आणि रोज हात फिरवून ओल पाहावी.

माझी टाकी एक थेंबही गळली नाही. गळली असती तर बरे झाले असते, मी थांबलो तरी असतो. आनंदाच्या भरात मी जुन्या पेटीचा मळकट गाळणी-स्पंज फेकून दिला, नवीन पिंपात नवीन स्पंज घातला आणि मासे सोडले. पाहुणे येत, आणि प्रत्येकासमोर मी मूठभर कोळंबी टाकत असे. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतात. उरलेले अन्न कुजूनही तोच तयार होतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइट व दुसरे जिवाणू पुढे नायट्रेट करतात, पण ते नव्या स्पंजात वसायला चार ते सहा आठवडे लागतात. मी जो मळ समजून फेकला, तेच माझे जिवाणू होते. आठव्या दिवशी सकाळी दोन मासे उलटे तरंगत होते. मुलगा काही बोलला नाही. त्याने जाळी आणली आणि माझ्या हातात दिली.

तेव्हा तुम्ही टाकी बांधाल तर जुना स्पंज नव्या पिंपात घाला, नळाच्या पाण्यातले क्लोरीन काढा, आणि पहिला महिना अन्न हात राखून द्या. वीज जाते, म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असू द्या.

आणि एक गोष्ट मला स्पष्ट सांगितली पाहिजे. चार फूट रुंदीची टाकी पूर्ण वाढलेल्या पंगासला किंवा लाल शेपटीच्या कॅटफिशला पुरत नाही. ते त्यांचे पाळणाघर झाले, घर नव्हे. माझा तिसरा मासा शेवटी ओळखीच्या एका मत्स्यशेतकऱ्याने आपल्या पंगासच्या तळ्यात घेतला. सकाळी एका मुलाने मला विचारले, “सर, नदीत सोडला तर?” नाही, बाळ. हौशी लोकांच्या टाक्यांतला दक्षिण अमेरिकेचा सकर मासा २०२० मध्ये वाराणसीजवळ गंगेत सापडला. आफ्रिकन मांगूर तर इतका खादाड निघाला की त्याच्या पालनावर आपल्या देशात २००० साली बंदी आली. विहीर, तलाव, ओढा, कोठेही सोडू नये. दुकानदार परत घेतो का, हे विकत घेण्यापूर्वीच विचारावे.

माझ्या टाकीत सध्या देशी मागूर आहेत, सहा. फार तर दीड फुटाचे होतात, आणि हवेतला श्वासही घेतात, त्यामुळे वीज गेली तरी तग धरतात. पावसाच्या पहिल्या रात्री मात्र ते बाहेर पडून अंगणातून चालू लागतात. दोनदा मी त्यांना तुळईखालून उचलून आणले. आता झाकणावर दोन विटा असतात.