कल्पित जगाचा कालचा दिवस: अद्भुत कादंबरीतली गाणी

(झाशीच्या दतिया गेट भागात चातुर्मासातील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



अद्भुत कादंबरी वाचताना मध्येच एखादं गाणं येतं. लढाई तोंडावर आलेली असते, नायक जंगलात वाट चुकलेला असतो आणि कोणीतरी गाऊ लागतं. पुष्कळ वाचक तिथे पान उलटतात. आधी गोष्ट पुढे जाऊ दे, गाणं मागाहून पाहू, असं मनाशी म्हणतात. ते मागाहून पाहणं राहूनच जातं. त्या उलटलेल्या पानांची बाजू मला आज आपल्यापुढे मांडायची आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. लेखक नवं जग उभं करतो तेव्हा डोंगर, नद्या, किल्ले त्याला वर्णनाने उभे करता येतात. पण त्या जगाला कालचा दिवस कुठून आणायचा? पहिल्या पानाआधीही तिथे माणसं जगली, हरली, कोणासाठी तरी रडली, हे वाचकाला कसं पटायचं? ते काम गाणं करतं. गाणं म्हटलं की ते कोणीतरी आधी रचलेलं असतं, कोणाकडून तरी ऐकलेलं असतं, अर्धं विसरलेलं असतं. गाणारा तोंड उघडतो आणि त्याच्या मागे चार पिढ्या उभ्या राहतात.

जे. आर. आर. टॉल्किन यांचं उदाहरण आधी घेतो, कारण या बाबतीत त्यांच्याइतके कष्ट फार थोड्यांनी घेतले. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ 1954 आणि 1955 या दोन वर्षांत तीन खंडांत प्रसिद्ध झाली. मुग्धा कर्णिक यांनी ती ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने मराठीत आणली. या कादंबरीत साठाहून अधिक कविता आणि गाणी आहेत. त्यांत अंघोळीचं गाणं आहे, सरायीतलं गाणं आहे, मृत वीराला निरोप देणारं गाणं आहे, आणि एक वाटेचं गाणंही आहे. म्हातारा बिल्बो घर सोडताना ते म्हणतो, तेव्हा त्यातले पाय पुढे जायला उत्सुक असतात. पुढे त्याचा वारस फ्रोडो तेच गाणं म्हणतो, तेव्हा पाय थकलेले असतात. अखेरीस वृद्ध बिल्बो ते पुन्हा म्हणतो, तेव्हा वाट दुसऱ्यांच्या हवाली करून तो विसाव्याकडे वळलेला असतो. चाल तीच, शब्द दोन-चारच बदललेले. पण एका माणसाचं आयुष्य आणि पुढच्या माणसावर आलेलं ओझं त्यात मावलं आहे. पहिल्या वेळी पान उलटणाऱ्याला दुसऱ्या वेळी काय बदललं हे कळणारच नाही.

याच कादंबरीतला दुसरा प्रसंग मला त्याहून मोलाचा वाटतो. ट्रीबियर्ड नावाचा वृक्षांचा एक प्राचीन राखणदार आहे. जगातल्या सगळ्या प्राण्यांची जुनी पद्यावली त्याला मुखोद्गत आहे. त्याच्यापुढे मेरी आणि पिपिन हे दोन ठेंगणे हॉबिट येतात. तो पद्यावली आठवून पाहतो, तर हॉबिटांचं नाव तिच्यात कुठेच नाही. ते दोघे सुचवतात की एक नवी ओळ घाला. पुढे मोठा संग्राम होतो, मैत्री जडते आणि निरोपाच्या वेळी ट्रीबियर्ड खरोखरच ती ओळ घालतो. राज्य मिळालं, किताब मिळाला, तरी त्याला या मानाची सर नाही. जगाच्या स्मरणात आपल्याला जागा मिळाली, हे त्या दोघांना एका ओळीने कळतं.

मंडळी, हा प्रसंग इथे, झाशीत, सांगताना मला फार दूरचं काही सांगतो आहे असं वाटत नाही. 1858 च्या एप्रिलमध्ये इंग्रज सेनापती सर ह्यू रोझच्या फौजा या शहरात शिरल्या. वरसईचे विष्णुभट गोडसे तेव्हा इथेच अडकले होते. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनी 1907 मध्ये छापून प्रसिद्ध केला. त्यात झाशीतल्या ग्रंथसंग्रहाची नासधूस झाल्याची हकीकत आहे. झाशीच्या नेवाळकर राजघराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जमवलेल्या पोथ्या त्या लुटीत गेल्या. ज्या शहराचे ग्रंथ असे गेले, त्याची आठवण कोणी धरली? गावोगाव गात हिंडणाऱ्या हरबोल्यांनी. सुभद्राकुमारी चौहान यांनी राणी लक्ष्मीबाईंवर लिहिलेली कविता आज उत्तर हिंदुस्थानातल्या मुलामुलींना पाठ असते, आणि त्या कवितेचं धृपदच ही कथा हरबोल्यांच्या तोंडून ऐकल्याचं सांगतं. दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी मराठीत राणीचं चरित्र 1894 मध्ये प्रसिद्ध केलं. तोवर छत्तीस वर्षं लोटली होती आणि बुंदेलखंडात गाणी फिरतच होती.

नवी ओळ घालण्याचं उदाहरणही इथलंच आहे. मऊरानीपुरात जन्मलेल्या आणि झाशीत वकिली केलेल्या वृंदावनलाल वर्मांची ‘झाँसी की रानी’ ही कादंबरी 1946 ची. वर्मांचे पणजोबा राणीच्या बाजूने लढताना पडले होते आणि घरातल्या वडीलधाऱ्या बाईंकडून त्यांनी त्या काळाच्या गोष्टी लहानपणीच ऐकल्या होत्या. राणीच्या बाजूने लढलेली म्हणून कोरी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सांगत ठेवलेली झलकारीबाई त्यांच्या कादंबरीत आली आणि दूरच्या वाचकांपर्यंत पोचली. 2001 साली तिच्या नावाचं टपाल तिकीट निघालं. त्याच्या कितीतरी आधी तिच्या लोकांनी तिला आपल्या सांगण्यात आणि गाण्यात जागा दिली होती. ट्रीबियर्डच्या पद्यावलीत जे घडतं ते कल्पित आहे, पण ज्या माणुसकीवर तो प्रसंग उभा आहे ती या गल्ल्यांतून पाहायला मिळते.

आता पावसाळा आहे, म्हणजे बुंदेलखंडात आल्हा गाण्याचे दिवस. ढोलकीवर थाप पडली की महोब्याचे आल्हा आणि ऊदल समोर येतात. सोळा आणि पंधरा मात्रांच्या त्या चालीला दम घ्यायला फुरसत नसते. वीरगाथा म्हणून आपण आल्हा ऐकतो, पण त्यातलं अद्भुत विसरू नये. ऊदलचा बेंदुला घोडा आकाशातून जातो. नैनागढच्या लढाईत अमर ढोल वाजतो आणि मेलेले सैनिक उठून उभे राहतात. कादंबरीकाराला हेवा वाटावा अशी ही सृष्टी संपूर्ण गाण्यातच उभी राहिली. कवी जगनिकाच्या नावावर असलेली ही रचना आल्हा गाणाऱ्या अल्हैतांच्या तोंडी शतकानुशतकं राहिली. कागदावर ती 1860 च्या दशकात उतरली, ती फर्रुखाबादचे इंग्रज कलेक्टर चार्ल्स इलियट यांनी गाणाऱ्यांकडून मजकूर जमवला तेव्हा. अद्भुत कथेत गाणं हे नंतर चिकटवलेलं शोभेचं काम आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी आल्हा ऐकावा. इथे आधी गाणं होतं, कथा त्याच्या पोटात वाढली.

उर्दू दास्तानीत गाण्याने आणखी एक काम केलं. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने 1883 पासून ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ खंडाखंडाने छापायला घेतली. तिच्यातला अमर अय्यार तलवारीपेक्षा सोंगावर आणि गळ्यावर जगतो. गायकाचा वेष घेऊन तो जादूगारांच्या मैफलीत शिरतो, सूर लावतो, सगळे डोलू लागतात आणि मग तो त्यांना बेशुद्ध पाडतो. ते गाणं काढून टाका, पुढचं कथानक जागच्या जागी थांबेल.

यावरून कसोटी सापडते. कादंबरीतली कविता सुटी काढून ती कवितासंग्रहात शोभेल का, असं पाहू नये. हे कोण म्हणतंय, कोणाकडून शिकलं, आत्ताच का म्हणतंय, आणि म्हटल्यावर काय बदललं, हे पाहावं. सरायीत दारू पिऊन म्हटलेलं गाणं ओबडधोबडच हवं. लुइस कॅरोलच्या 1865 च्या पुस्तकात ॲलिसला शाळेत पाठ केलेल्या कविता म्हणायच्या असतात आणि तोंडून भलतंच बाहेर पडतं. आपण ओळखीच्या जगातून बाहेर पडलो हे तिला तिथे कळतं. उलट, ज्या कादंबरीत राजा, चेटकीण, कोळी आणि मूल सगळेच एकाच घडणीच्या गोड ओळी म्हणतात, तिथे गाणारा एकच असतो, आणि तो म्हणजे लेखक. असं गाणं वगळलं तर वाचकाचा दोष नाही.

म्हणून मराठीत अद्भुत लिहिणाऱ्यांना आणि अशा कादंबऱ्या मराठीत आणणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे. आपल्याकडे छंदांची वाण नाही. जात्यावरची ओवी आहे, पोवाडा आहे, भारूड आहे, कटाव आहे, लावणी आहे, अंगाई आहे, भोंडल्याची गाणी आहेत. हे प्रत्येक रूप कोणत्या तरी कामातून आणि कोणत्या तरी माणसांतून आलं आहे. टॉल्किन यांनी घोडेस्वार रोहनवासीयांच्या पद्याला जुन्या इंग्रजीची अनुप्रासाची धाटणी दिली, कारण त्या लोकांचं जगणं त्या वळणाचं होतं. मराठीत त्या स्वारांच्या तोंडी पोवाड्याची चाल यावी. हॉबिटांच्या घरगुती गाण्याला भोंडल्याचा फेर शोभेल. शब्दाला शब्द ठेवून यमक जुळवलं, तर ते गाणं त्या जगात कोणीही कधी गायलं असेल असं वाटणार नाही. आणि ज्यांना स्वतःचं जग रचायचं आहे, त्यांनी नकाशा काढण्याआधी आणि राजांची वंशावळ जुळवण्याआधी तिथल्या बाया दळताना काय म्हणतात, नाव पाण्यात लोटताना नावाडी काय म्हणतात, मुलाला झोपवताना कोणाची भीती घालतात आणि कोणाचं नाव घेऊन धीर देतात, हे ठरवावं. ते ठरलं की राजे आपोआप ठरतील.

वाचकांनाही एक विनंती. असं पान आलं की थांबा आणि ते मोठ्याने वाचा, जमल्यास चालीवर वाचा, घरातल्या मुलांना जवळ बसवून वाचा. छापलेलं गाणं अर्धंच असतं. उरलेलं अर्धं गळ्यातून यायचं असतं. झाशीची कथा माणसांनी मोठ्याने म्हटली म्हणून टिकली. कल्पित जगांनाही टिकायला दुसरा मार्ग नाही.