एक तोळ्याची गोळी

आपल्या सोनाराचा तोळा आणि अमेरिकन शिकाऱ्याची गोळी यांचं एक जुनं नातं आहे. गोळीचं वजन तिकडे आजही ग्रेनमध्ये मोजतात. सात हजार ग्रेन म्हणजे एक पौंड. इंग्रजी अमदानीत १८३३ साली आपला तोळा पक्का झाला, तो बरोबर १८० ग्रेनचा. चांदीचा रुपयाही त्याच वजनाचा. त्यामुळे विस्कॉन्सिनमधला एखादा शिकारी दुकानात जाऊन १८० ग्रेनच्या गोळ्या मागतो, तेव्हा त्याला एकेक तोळ्याची गोळी मिळत असते. पंधरा ग्रेनचा एक मासा धरला, की पुढचा सगळा हिशेब आपल्या ओळखीचा होतो.

ही एक तोळ्याची गोळी ‘थर्टी-ऑट-सिक्स’ नावाच्या काडतुसात बसते. नळीचा व्यास इंचाचा तीस शतांश आणि काडतूस १९०६ सालचं, म्हणून हे नाव. अमेरिकेत हरणाच्या शिकारीला जी काडतुसं पिढ्यानपिढ्या वापरली गेली, त्यांत हे अगदी पुढचं. यातून गोळी सुटते ती सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगाने. गोळी पुढे गेली की रायफल मागे येणार, हे आपण शाळेत न्यूटनच्या तिसऱ्या नियमात घोकलेलं असतं. पण किती मागे येणार, याचं गणित फारसं कोणी करून बघत नाही. आज ते करू, कारण सगळी मेख त्यातच आहे.

रायफल धरू साडेतीन किलोच्या थोडी वर. दारू सुमारे साडेतीन ग्रॅम. चाप ओढला की तोळाभर गोळी पुढे जाते, आणि तिच्यामागून जळालेल्या दारूचा वायू सुटतो. हा वायू गोळीपेक्षाही वेगात असतो, सेकंदाला साधारण १४०० मीटर. वजनाला तो गोळीच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी, पण वेगामुळे एकूण संवेगातला तिसरा हिस्सा तोच उचलतो. दोन्ही मिळून रायफलीला सेकंदाला चार मीटर वेगाने मागे ढकलतात. खांद्यावर येते ती ऊर्जा ३० ज्यूलच्या आसपास.

धिप्पाड माणसाला हे काहीच नाही. पण विस्कॉन्सिनमध्ये नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी रायफलीने हरणं मारण्याचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो, तेव्हा रानात धिप्पाड माणसंच जातात असं नाही. आजोबांची रायफल घेतलेली शाळकरी नात असते, खांद्याचं ऑपरेशन झालेले सत्तरीतले गृहस्थ असतात. त्यांना धक्क्याने इजा होते असं नव्हे. पण एकदा धक्का बसला की शरीर तो लक्षात ठेवतं. पुढच्या वेळी चाप ओढण्याआधीच डोळे मिटतात, खांदा आक्रसतो आणि नळी खाली झुकते. नेमबाजी शिकवणारे यावर एक युक्ती करतात. खऱ्या काडतुसांत एखादं दारू नसलेलं काडतूस गुपचूप घालून देतात. चाप ओढला जातो, बार होत नाही, आणि तरीही नळीचं टोक खाली गेलेलं सगळ्यांना दिसतं. मग शिकणाऱ्याला वेगळं काही सांगावं लागत नाही.

आणि दचकून झाडलेली गोळी हुकली तर बरंच म्हणायचं. ती हरणाच्या पोटात किंवा पायात लागली, तर जनावर मैलभर पळून दिवसभर तडफडतं. शिकार चांगली की वाईट, या वादात मी आज शिरत नाही. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला. पण जिथे शिकार परवान्याने चालते, तिथे नेम बिघडवणारी रायफल हातात असणं हा जनावरावरचा अन्याय आहे, असं मला वाटतं. ‘खांदा निळा पडल्याशिवाय शिकारी होत नाही’ असं मिरवणारे लोकही तिकडे आहेत. त्यांच्या खांद्याची किंमत हरणाने मोजावी, हे काही मला पटत नाही.

मग उपाय काय? रायफल जड करता येते, पण ती दिवसभर डोंगरात वागवावी लागते. दस्त्याला जाड रबराची गादी लावता येते, आणि ती लावावीच. नळीच्या तोंडाला भोकांचं टोपण बसवून वायू मागे-बाजूला वळवता येतो, पण त्याने शेजारच्याचे कान फुटायची वेळ येते. राहिलं काडतूस.

अमेरिकेत काडतुसं घरी भरण्याचा छंद फार जुना आहे. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी फेकायची नाही. ती साफ करून टेबलाला घट्ट बसवलेल्या प्रेसमध्ये दाबून मूळ मापाला आणायची, जुना प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी टोपी, काढून नवा बसवायचा, दारू ग्रेनच्या दशांशापर्यंत तोलून घालायची आणि वर गोळी दाबून बसवायची. दुसऱ्या महायुद्धानंतर हा छंद एकदम फोफावला. सैन्याकडे ‘४८९५’ क्रमांकाची दारू ढिगाने उरली होती. कॅन्सासच्या ब्रूस हॉजडन नावाच्या माणसाने ती विकत घेतली आणि घरी भरणाऱ्यांना स्वस्तात विकली. त्याच सुमाराला, १९४९ साली, नेब्रास्कातल्या ग्रँड आयलंड गावात जॉइस हॉर्नडी यांनी गोळ्या बनवण्याचा कारखाना काढला. त्या काळी शिशाच्या गाभ्यावरचं आवरण झाडून झालेल्या छोट्या काडतुसांच्या पुंगळ्यांपासूनही केलं जाई. काटकसरीतून उभा राहिलेला धंदा आहे हा.

घरी भरणाऱ्याला गोळी निवडायची मुभा असते. तोळ्याऐवजी दहा माशांची, म्हणजे १५० ग्रेनची घ्या. आठ माशांहून किंचित जड, १२५ ग्रेनची घ्या. गोळी हलकी झाली की धक्का हलका, असं सगळ्यांना वाटतं. इथेच गंमत आहे. दहा माशांची गोळी घेतली आणि दारू पूर्ण भरली, तर ती गोळी जास्त वेगाने सुटते, सेकंदाला ८८० मीटरच्या आसपास. गोळीच्या वजनात वाचवलेलं वेगात बरंचसं परत जातं, आणि वायू तर होता तेवढाच राहतो. गणित मांडलं तर ३० ज्यूलचे सव्वीसच्या आसपास होतात. खांद्याला हा फरक कळेल न कळेल.

आता १२५ ग्रेनची गोळी घ्या आणि दारूही पाव ते तिसऱ्या हिश्श्याने कमी करा, असं की वेग सेकंदाला ७९० मीटर राहील. एकूण संवेग साधारण तीस टक्क्यांनी घटतो. पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने मोजली जाते, त्यामुळे खांद्यावर येतात फक्त १४ ज्यूल. निम्म्याहूनही कमी. म्हणजे कमाई झाली ती दारू आणि गोळी दोन्ही एकत्र उतरवल्यामुळे. हे आकडे गणितापुरते आहेत, कोणी त्यांना भरणीचं माप समजू नये.

ते का, हेही सांगायला हवं. दारू कमी केली म्हणजे धोका कमी झाला, असं समजणारा माणूस या छंदात सर्वांत धोकादायक. सावकाश जळणारी दारू फार थोडी भरली, तर ती मोठ्या पुंगळीत आडवी पसरते, नीट पेट घेत नाही, आणि कधीकधी दाब अचानक इतका चढतो की रायफल फुटते. हे नेमकं कसं घडतं यावर तज्ज्ञांचं आजही एकमत नाही, पण फुटलेल्या रायफली खऱ्या आहेत. उलट, झपाट्याने जळणारी दारू घेतली तर ती इतकी थोडी लागते, की एकाच पुंगळीत चुकून दोनदा ओतली तरी वरून दिसत नाही. तिसरी गोष्ट, दारू अगदीच कमी पडली तर गोळी नळीतच अडकून राहते. पुढचं काडतूस झाडणाऱ्याला ते कळलं नाही, तर नळीच चिरफळते.

म्हणून जाणती माणसं दारू उत्पादकांनी छापलेल्या पुस्तकाबाहेर पाऊल टाकत नाहीत. गंमत म्हणजे या कामासाठी सर्वांत विश्वासाची मानली जाणारी दारू त्याच ४८९५च्या वंशातली आहे. हॉजडन कंपनी तिच्या एच-४८९५ दारूबाबत छापून सांगते, की ज्या काडतुसासाठी ती पुस्तकात दिलेली आहे, तिथे कमाल मापाच्या साठ टक्क्यांपर्यंत खाली येता येतं. हा नियम त्या एका दारूचा. शेजारच्या डब्यातल्या दारूला तो लावायचा नाही.

आता गोळीकडे वळू. शिकारीच्या गोळीला आत शिसं आणि वर तांब्याचं आवरण असतं. लागल्यावर तिचं टोक फुलावं, म्हणजे जनावर लवकर मरतं. पण ते फुलणं ठरावीक वेगाच्या पट्ट्यातच होतं. तीस शतांश व्यासात ११० ग्रेनच्या काही गोळ्या मिळतात, त्या शेतात बिळं करणाऱ्या छोट्या प्राण्यांसाठी केलेल्या. अशी गोळी हरणाच्या खांद्याच्या हाडावर आपटली, तर तिथेच चुरा होऊन वरवरची जखम करते. याउलट जाड आवरणाची गोळी मंद वेगाने गेली, तर न फुलता सुईसारखी आरपार जाते. गोळी हलकी हवी आणि कमी वेगात फुलणारीही हवी, हे दोन्ही जुळवणं हे या सगळ्यातलं खरं कसब.

अलीकडे तांब्याच्या गोळ्यांनी हा हिशेब पुन्हा हलवला. शिशाच्या गोळीचे तुकडे राहिलेली मृत जनावरं खाऊन कॅलिफोर्नियातली काँडर गिधाडं मरत होती, म्हणून त्या राज्यात १ जुलै २०१९पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी आली. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे त्याच आकाराची गोळी वजनाला कमी भरते. ती तुटत नाही, म्हणून दहा माशांची तांब्याची गोळी तोळाभर शिशाचं काम करते. मात्र तिला फुलायला वेग लागतो. दारू फार उतरवून तांब्याची गोळी वापरणं म्हणजे दोन्ही बाजूंनी नुकसान.

हलक्या गोळीची गोष्ट काही आजची नाही. अमेरिकन सैन्यानेच १९०६ साली २२० ग्रेनची बोथट गोळी टाकून १५० ग्रेनची टोकदार गोळी घेतली होती, मार्ग सपाट राहावा म्हणून. आणि जिम कॉर्बेट यांना १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल सरकारकडून भेट मिळालेली रिग्बी रायफल त्याच धाटणीची. तिच्या मूळ जर्मन काडतुसात १७५ ग्रेनच्या आसपासची गोळी असे, रिग्बीने १४० ग्रेनची घातली. कुमाऊँच्या उतारांवर दिवसचे दिवस पायी हिंडणाऱ्या माणसाला ती हलकी रायफल आवडली, यात नवल नाही.

ज्यांना घरी भरायचं नाही, त्यांच्यासाठी रेमिंग्टन आणि हॉर्नडी या कंपन्यांनी १२५ ग्रेनच्या गोळीची कमी धक्क्याची तयार काडतुसं बाजारात आणली आहेत. घरची असोत की दुकानातली, दोन गोष्टी मात्र करायलाच लागतात. ही गोळी जुन्या गोळीच्या जागी लागत नाही, म्हणून दुर्बीण नव्याने जुळवायची. आणि हलकी गोळी हवेत वेग लवकर गमावते, त्यामुळे अंतराची मर्यादा ठरवून घ्यायची. विस्कॉन्सिनच्या दाट रानात हरीण बहुधा शंभर-दीडशे मीटरच्या आतच दिसतं, तिथे ही काडतुसं चांगली चालतात. वायोमिंगच्या उघड्या माळावर, जिथे चारशे मीटरवरचं जनावर खुणावतं, तिथे आजोबांची तोळाभर गोळीच बरी, आणि ती झाडायला आजोबांसारखा खांदाही.